अर्ध्या तासाचा हक्क

कराडजवळच्या गोळेश्वरचे, राजर्षी शाहूंच्या कोल्हापुरात शिकलेले मल्ल खाशाबा जाधव 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात गेले. त्यांची आठवण निघाली की आम्हाला पदकाआधी ती न मिळालेली विश्रांती आठवते. 1952 साली हेलसिंकीत दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा नियमच होता. तरी थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभे केले. त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता. कांस्यपदक मात्र त्यांनी आणलेच. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्यांना पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले होते. सरकारचा अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. वाशीम-रिसोडकडची आमची पोरे उद्या बाहेर खेळायला जातील, तेव्हा नियमांचे पुस्तक घेऊन त्यांच्यासोबत कोण जाणार, हे क्रीडा खात्याने आजच सांगावे.