तृतीयपंथी आमचे कोण लागतात?



ज्या घरातून देव्हारा उचलून नदीत सोडला गेला, ज्या घराच्या भिंतीवर आता तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे, त्या घराच्या उंबरठ्यावर उभे राहून आम्ही आज एक अप्रिय प्रश्न विचारणार आहोत. तो ऐकून तुम्हांस राग येईल. येऊ द्या. परंतु राग शांत झाल्यावर उत्तर द्या.

घरात बाळ जन्मले की तृतीयपंथी दारात येऊन टाळी वाजवतात. त्या वेळी तुम्ही काय करता? आई बाळाला त्यांच्या मांडीवर देते. आजी सुपात तांदूळ आणि नोटा घालून पुढे करते. का? तर आशीर्वाद लाभावा आणि शाप लागू नये. मरीआईची भीती टाकलेले घर टाळीच्या आवाजाला भिते! आणि याच घरातले लेकरू चौदाव्या वर्षी बहिणीची ओढणी घेऊन आरशापुढे उभे राहिले, "मी मुलगा नाही" असे म्हणाले, तर काय होते? बापाच्या कमरेचा पट्टा निघतो. चुलते येऊन "बायल्या" म्हणून हिणवतात. एके रात्री ते लेकरू घरातून निघून जाते आणि शेजाऱ्यांना सांगितले जाते की पोरगे मुंबईला कामाला गेले. परक्याच्या आशीर्वादाला मान आणि पोटच्या लेकराला लाथ, हा कोणता धम्म?

तृतीयपंथी आमचे कोण लागतात, या प्रश्नाचे उत्तर आम्ही आरंभीच देऊन टाकतो. ते आमच्या घरातले आहेत. त्यांच्या शापात शक्ती नाही, त्यांच्या आशीर्वादातही नाही. त्यांच्याजवळ जे आहे ते तुमच्याजवळ आहे तेच: माणूस म्हणून जगण्याचा हक्क.

महाड येथे 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली गेली, हे तुम्ही मुलांना अभिमानाने सांगता. तिच्यात काय होते, हेही सांगता काय? तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीचा नियम आहे. द्विज जेवत असता कोणाची दृष्टी त्यांच्यावर पडता कामा नये, याची ती यादी. त्या यादीत चांडाळ आहे. डुक्कर, कोंबडा आणि कुत्रा आहे. विटाळशी स्त्री आहे. आणि त्याच श्लोकात षंढही आहे. वाचकहो, ज्या ओळीत तुमच्या पूर्वजांना बसवले, त्याच ओळीत त्यांच्या शेजारी हा माणूस बसवलेला होता. षंढ, क्लीब असल्या शब्दांखाली शास्त्रकारांनी नाना प्रकारची माणसे एकाच दावणीला बांधली आणि सर्वांना पंक्तीबाहेर काढले. तुम्ही दावण तोडून बाहेर आलात. शेजारच्याला तेथेच बांधून ठेवलेत.

नवव्या अध्यायात वारसाहक्काचा विचार आहे. तेथे क्लीबाला वडिलार्जित धनात वाटा नाकारला आहे. मात्र त्याला अन्न आणि वस्त्र द्यावे, न देणारा पतित होतो, असेही पुढे म्हटले आहे. पाहा, ज्या मनूला आम्ही जाळले, त्यानेसुद्धा पोटाला घास आणि अंगाला कापड देण्यास सांगितले. तुम्ही तर तेवढेही न देता लेकराला रस्त्यावर काढता. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरात मनूहून कठोर न्याय चालावा, याची लाज कोणी बाळगायची?

इंग्रजांनीही या दोन दुःखांची गाठ एकाच कागदावर मारली होती. सन 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा तुम्हांस माहीत आहे. त्याने जमातीच्या जमाती जन्माने चोर ठरवल्या, आणि पुढे आपल्या मुंबई इलाख्यात पारधी, कैकाडी अशा जातींना तारेच्या कुंपणात कोंडले. परंतु त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांत त्यांच्या नावांची आणि मालमत्तेची नोंदवही ठेवावी, स्त्रीवेषात रस्त्यावर दिसल्यास किंवा नाचल्यास त्यांना शिक्षा करावी, मृत्युपत्र करण्याचा आणि दत्तक घेण्याचा त्यांना अधिकार नसावा, अशी त्यात तजवीज होती. गुन्हा काय, तर असणे. हा कायदा 1952 साली इतिहासजमा झाला. पण रेल्वेच्या फलाटावर तृतीयपंथी दिसताच तुम्ही पाकीट चाचपता, तेव्हा ती नोंदवही तुमच्याच हातात असते.

आता नावाचा प्रश्न घेऊ. तुमच्या आज्या-पणज्यांची नावे आठवा. कचऱ्या, धोंड्या, दगड्या, भिकी. शूद्राचे नाव तिरस्कार सुचवणारे असावे, हा मनूचाच दंडक. दीक्षेनंतर तुम्ही ती नावे टाकलीत. मुलांना सिद्धार्थ, राहुल, सुजाता म्हणून हाका मारू लागलात. गावच्या पाटलाने हेतुपुरस्सर जुन्या नावाने हाक मारली तर तुमच्या अंगाचा दाह होत असे. मग तुमचे लेकरू जेव्हा म्हणते की मला या नावाने हाक मारू नका, मी स्वतःसाठी दुसरे नाव निवडले आहे, तेव्हा तुम्हांस हसू कसे येते? दुसऱ्याने लादलेले नाव उतरवून स्वतःचे नाव धारण करणे म्हणजे काय, हे तुमच्याइतके या देशात कोणास कळावे?

आमच्यातील काही जाणकार येथे एक आक्षेप काढतील. विनयात पंडकाला प्रव्रज्या नाकारली आहे, असे ते म्हणतील. ते खरे आहे; आम्ही ते लपवीत नाही. पण तो नियम भिक्षुसंघातील प्रवेशाचा आहे. बापाने मुलाला घराबाहेर काढावे असा तो नियम नव्हे. त्याच विनयपिटकात, पाराजिकेच्या प्रकरणात, दुसरीही एक हकिकत आहे. एका भिक्खूच्या ठायी स्त्रीची लक्षणे प्रकट झाली. भिक्खूंनी ती गोष्ट भगवंतांच्या कानी घातली. भगवंतांनी त्या व्यक्तीला हाकलले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तितकीच वर्षे कायम ठेवून तिने भिक्खुनींमध्ये राहावे, अशी अनुज्ञा दिली. देह बदलला, मिळवलेली ज्येष्ठता एका दिवसानेही कमी झाली नाही. आणि ज्यांना या दोन उताऱ्यांत निवड करणे कठीण वाटते, त्यांनी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितलेली कसोटी लावावी. जे बुद्धीला पटते आणि ज्यात मनुष्याचे कल्याण आहे, तेच बुद्धवचन मानावे, ही ती कसोटी. लेकराला रस्त्यावर काढण्यात कोणाचे कल्याण आहे, ते त्यांनी आम्हांस सांगावे.

दुसरा आक्षेप लज्जेचा. असले विषय चळवळीच्या पत्रात कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही 1934 सालची आठवण देतो. प्रा. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या कामविषयक शंकांना उत्तरे दिली जात. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. पांढरपेशा समाज नाक मुरडीत होता. त्या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला; परंतु ज्ञानाला लाज वाटता कामा नये हा धडा आम्हांस मिळाला. जो विषय न्यायालयात उभा करण्यास बाबासाहेबांना संकोच वाटला नाही, तो घरात उच्चारण्यास त्यांच्या अनुयायांना का वाटावा? उलट लाज वाटायची तर आमच्या सभांतील भाषेची वाटावी. सरकारला "षंढ" म्हणणे आणि प्रतिपक्षाला बांगड्यांचा आहेर पाठवणे, यांवर आमच्याच व्यासपीठांपुढे टाळ्या पडतात. जातीवरून दिलेली शिवी तुम्ही कोर्टात नेता. ही शिवी मात्र तुमच्या वक्तृत्वाचे भूषण ठरते!

घराबाहेर काढलेले लेकरू जाते कोठे, याचा विचार तुम्ही केला आहे काय? कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे मुलाची चाल बायकी दिसली की देवी लागली म्हणतात. त्याला सौंदत्तीच्या यल्लम्मापुढे उभे करून गळ्यात माळ घालतात आणि हातात परडी देतात. मग जन्मभर जोगवा. परळच्या दामोदर हॉलमध्ये 16 जून 1936 रोजी देवदासी, जोगतिणी आणि पोतराज यांच्या सभेत बाबासाहेबांनी ते लाजिरवाणे जिणे सोडण्यास सांगितले होते. ज्या परडीतून त्यांनी समाजाला बाहेर काढले, त्याच परडीत तुमची लाथ लेकराला परत टाकते. कोणी मोठ्या शहरात गुरूच्या आश्रयाला जाते. तेथे निदान कोणीतरी आई म्हणवते, पण पोटासाठी टाळी, सिग्नल आणि देहविक्रय हेच धंदे उरतात. आणि 2019 च्या प्रयागराजच्या कुंभमेळ्यात तर किन्नर आखाड्याचा शाही थाट साऱ्या देशाने पाहिला. दुसरीकडे कोठेही मान न मिळालेला माणूस भगव्या छत्रीखाली उभा राहिला, तर दोष त्याला देऊ नका. तुमच्या विहारात त्याच्यासाठी सतरंजीचा एक कोपरा होता काय, ते आधी सांगा.

सन 2011 च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज 'इतर' या रकान्यात 4,87,803 माणसांची नोंद झाली. महाराष्ट्रात 40,891. देशातील त्या संख्येत 78,811 जण अनुसूचित जातींचे होते. साक्षरतेचे प्रमाण देशात 74 टक्के असताना या रकान्यात ते 56 टक्के होते. शाळेतून कोण हाकलले गेले, हे या आकड्यावरून समजते. शाळेबाहेर बसवल्याचे दुःख आम्हांस नव्याने समजावून सांगावे लागू नये.

भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, 15 एप्रिल 2014 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात निकाल दिला. आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, आणि या वर्गाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून राखीव जागा द्याव्यात, असे न्यायालयाने सांगितले. त्याचा आधार संविधानाची 14, 15, 16, 19 आणि 21 ही कलमे, म्हणजे बाबासाहेबांच्याच लेखणीचे धन. त्यानंतर संसदेने जो कायदा केला, तो राज्यसभेत 26 नोव्हेंबर 2019 रोजी, संविधानदिनी, मंजूर झाला. त्यात राखीव जागांचा शब्द नव्हता. ओळखीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्याची अट होती. तृतीयपंथीयावरील लैंगिक अत्याचाराला त्यात सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा ठेवली. स्त्रीवरील बलात्काराला त्या वेळी किमान 10 वर्षांची शिक्षा होती. एकाच देशात दोन देहांच्या दोन किमती!

तुम्ही कोण आहात हे तुम्ही सांगू नये, कचेरीने सांगावे, हा न्याय आम्ही ओळखतो. 1956 साली आम्ही बौद्ध झालो आणि केंद्राच्या कागदावरून आमच्या सवलती पुसल्या गेल्या. त्या परत मिळण्यास 1990 साल उजाडले. चौतीस वर्षे आम्ही एका दाखल्यासाठी भांडलो. म्हणूनच समांतर आरक्षणाची मागणी आमची मागणी झाली पाहिजे. तृतीयपंथीयांना सरसकट इतर मागासवर्गात टाकले, तर अनुसूचित जातीच्या तृतीयपंथीयाला आपल्या दोन जखमांपैकी एकच दाखवता येते. प्रत्येक प्रवर्गात तृतीयपंथीयांसाठी जागा असावी, ही मागणी तामिळनाडूच्या ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी लावून धरली. कर्नाटकाने 2021 साली सरकारी नोकऱ्यांत अशी एक टक्का तरतूद केली. आपल्या राज्यात मात्र 2022 साली पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा रकाना ठेवण्यासाठी उच्च न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले. 2019 साली दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या, तेव्हा आम्हांस समाधान वाटले. पण एका प्रवक्त्याने लाखोंचे ऋण फिटत नाही.

तेव्हा, बंधूंनो, काय करायचे ते स्पष्ट सांगतो. बारशाला पैसे देऊन आशीर्वाद विकत घेऊ नका. दारात आलेल्या माणसाला पाणी द्या, बसायला जागा द्या, नाव विचारा. मुलगी म्हणून वाढवलेले लेकरू "मी मुलगा आहे" म्हणाले, तर घाईने त्याचे लग्न लावून दोन जिवांचा नाश करू नका. लेकराला त्याने निवडलेल्या नावाने हाक मारा. त्याची शाळा सोडवू नका. जातीच्या दाखल्यासाठी बापाची कागदपत्रे लागतात, ती अडवून धरू नका. जमिनीत आणि घरात त्याचा वाटा लिहून ठेवा. विहाराच्या वंदनेला त्याला बरोबर न्या आणि लोक कुजबुजले तर त्याच्या शेजारी बसा. जो लेकराला घराबाहेर काढतो, त्याला विहार समितीने जाब विचारावा.

दीक्षा घेताना तुम्ही सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्याची प्रतिज्ञा केलीत. तिची परीक्षा नागपूरच्या मैदानावर होत नाही. तेथे लाखोंचा आधार असतो. ती परीक्षा होते मध्यरात्री, जेव्हा घर सोडून गेलेले तुमचे लेकरू साडी नेसून परत येते आणि हळूच कडी वाजवते. त्या वेळी दार उघडा.