‘घरी न्या’ म्हटल्यावर

स्तनाचा कॅन्सर अंगात पसरला की मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेतात आणि सांगतात, आता घरी न्या, सेवा करा. सेवा म्हणजे नेमके काय करायचे, हे सांगायला कोणाला वेळ नसतो. आम्ही दोंडाईचा आणि आसपासच्या खेड्यांत अशा बायांच्या घरी जातो. बहुतेक शेतमजूर, मिरची निवडणाऱ्या. हाताला गाठ लागली तरी हंगाम संपेपर्यंत अंगावर काढलेल्या.

ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांसाठी सरकारी योजना आहे. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. आज तीच महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिने कित्येक घरे कर्जातून वाचवली, हे मान्य. पण ती मुख्यतः दवाखान्यात दाखल रुग्णासाठी. घरी आणल्यावरच्या गोळ्या, पट्ट्या, गाडीभाडे घरच्यांच्या माथी. मग मेडिकलवरून डायक्लोफेनॅक येते. पोटात आग पडते, दुखणे तिथेच. रात्रभर “बहू दुखस वं माय” ऐकून घरातली लहान पोरेही जागी राहतात.

आणि जखम. गाठ फुटली की तिला वास येतो. मग खाट ओट्यावर जाते, ताट वेगळे होते, कप वेगळा होतो. आपल्या आज्या-पणज्यांना वेगळ्या कपाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नव्हता. तो कप आपण आपल्याच आईपुढे ठेवायचा? हा आजार शिवल्याने होत नाही. वास जखमेतल्या जंतूंचा असतो. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड तिच्यावर टाकायची, उकळून उन्हात वाळवलेल्या जुन्या सुती लुगड्याची घडी वर ठेवायची. थोड्या दिवसांत वास उतरतो आणि खाट पुन्हा घरात येऊ शकते. याला काही लाख लागत नाहीत.

मोठ्या वेदनेचे औषध मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत 1986 मध्येच सांगितली, मॉर्फिन तिच्या वरच्या पायरीवर आहे. ते अफूपासून बनते, आणि ती अफू पिकते कुठे? आपल्या शिरपूरच्या पुढे हद्द लागते त्या मध्य प्रदेशात, मंदसौर-नीमचकडे. नीमचला सरकारचाच कारखाना आहे. माल इथला, तरी आपल्या वस्तीतली बाई कण्हत मरते.

पूर्वी कायद्याची अडचण खरी होती. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे दवाखान्याला चार-पाच परवाने गोळा करावे लागत, म्हणून कोणी त्या वाटेला जात नसे. 2014 मध्ये कायदा बदलला. आता प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, चोख नोंदवही आणि औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. बाकी भीती मनातली. “सवय लागेल”, “मॉर्फिन दिले म्हणजे संपले” असे शिकलेली माणसेही म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनने कॅन्सरचा रुग्ण व्यसनी होत नाही. तो झोपतो, दोन घास खातो. बद्धकोष्ठ होते, त्यासाठी सोबत जुलाबाची गोळी घ्यायची.

मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात सिप्लाचे केंद्र 1997 पासून. चांगली कामे आहेत. पण दोंडाईच्याहून तिथे जायचे म्हणजे सोबतच्याची मजुरी बुडणार, आणि मरायला कोणाला परगावी जायचे असते? केरळने दुसरी वाट धरली. 1993 मध्ये कोझिकोडला सुरुवात झाली, पुढे मोहल्ल्यातले स्वयंसेवक तयार झाले, 2008 मध्ये सरकारने धोरण केले. तिथे पंचायतीच्या पैशातून नर्स गाडी घेऊन घरी येते. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सेवांच्या यादीत ही सेवा छापलेली आहे. छापलेले आपण मागायचे.

आमची मागणी एवढीच: प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिन, एक प्रशिक्षित डॉक्टर, आणि आठवड्यातून दोन दिवस घरी जाणारी नर्स. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मॉर्फिनचा साठा किती, मान्यता आहे का, प्रशिक्षित डॉक्टर कोण, इतकेच विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे.

थोडे आपल्यालाही. माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या जेवणाला आपण वर्गणी काढतो. तीच वर्गणी दोन महिने आधी काढली तर गोळ्या येतील. विहारात रविवारी वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करा, पट्टी बदलायला दोघी-दोघींची पाळी लावा. रुग्णाच्या उशाशी एक वही ठेवा. गोळी किती वाजता दिली, दुखणे किती वाजता परत आले, ते लिहा. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास राहतो, म्हणून डोस ठरवताना डॉक्टरांना ती वही दाखवा.