एका लेखावरची तीन नावे

१८९८ साली साताऱ्यात जन्मलेले रँग्लर ग. स. महाजनी यांचा लोहचुंबकीय स्फटिकांच्या उपपत्तीवरील लेख १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला, तो त्यांच्या एकट्याच्या नावावर. आणि देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवीत ६१७४ या संख्येचा विलक्षण गुण हुडकून काढणारे द. रा. कापरेकर तर बहुतेक सारे संशोधन एकट्यानेच करीत राहिले. त्या पिढीच्या या एकाकीपणात स्वभावाचा भाग थोडा आणि निरुपायाचा अधिक होता, असे आमचे मत आहे. त्याच काळी केंब्रिजच्या हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांनी आपसांत जो करार केला होता, त्यातील एक कलम व्यवसायबंधूंनी मुद्दाम ध्यानात ठेवावे: एखाद्या लेखात एकाचा वाटा मुळीच नसला, तरी लेख दोघांच्याच नावाने निघावयाचा.

सहकार्याचे सामर्थ्य महाराष्ट्राला खरे दिसले ते शरदचंद्र श्रीखंडे यांच्या एका जुन्या प्रश्नावरील कामात. सहा पथकांतील सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौरसात असे उभे करावेत, की प्रत्येक उभ्या-आडव्या रांगेत प्रत्येक पथकाचा व प्रत्येक हुद्द्याचा एकेकच येईल, हे अशक्य आहे असे ऑयलरने १७८२ साली मानले आणि दहा, चौदा, अठरा यांनाही तोच नकार लागू केला. (शेतावर पिकांच्या वाणांची तुलना करताना भूखंडांची मांडणी याच जातीच्या चौरसाने करतात, तेव्हा विषय आपल्या ऊसपट्ट्याला परका नाही.) पुढे गणितज्ञ पार्कर यांचा २१ कोटीच्या, म्हणजे २१ रांगांच्या, अशा चौरसांवरील निष्कर्ष पाहून गणितज्ञ राजचंद्र बोस यांचे कुतूहल चाळवले, बोस आणि श्रीखंडे यांनी २२ कोटीची जोडी (एक चौरस पथकांचा, एक हुद्द्यांचा) रचली, पत्रांची देवघेव सुरू झाली, पार्कर यांनी १० कोटीची जोडी सिद्ध केली, आणि अखेर तिघांनी मिळून दाखविले, की सहाच्या पुढे ऑयलरचा नकार कोठेच टिकत नाही. १९५९ साली हे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आले. यातील कोणते पाऊल कोणाचे, हे सांगता येते. परंतु दुसऱ्याच्या पावलावाचून तिसऱ्याला वाट दिसली असती काय, हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच वाट्यांचा हिशेब मागणे आम्हास अप्रशस्त वाटते.

आज लेखांवरची नावे वाढली आहेत. टपालाची वाट पाहावी लागत नाही, हे त्याचे इष्ट कारण. बढतीच्या दप्तरात लेखांची संख्या मोजली जाते, हे अनिष्ट. सिद्धतेचे एक पानही न वाचता सही करणारा सहलेखक हा गणिताचा अपराधी आहे, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो.

आता आपल्या भागाविषयी. सातारा आणि सांगली ही दोन्ही स्थानके पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत आणि दोन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तरीही येथील गणिताचे अध्यापक परस्परांना भेटतात ते बहुधा परीक्षेच्या कामी. महिन्यातून एक दिवस आलटून-पालटून एका फळ्यापाशी बसावे आणि एकच अनिर्णित प्रश्न वर्षभर चालवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्या बैठकींचा वृत्तान्त, अपुऱ्या व फसलेल्या प्रयत्नांसह, छापण्यास या मासिकाची पाने मोकळी आहेत. मात्र पुढील अंकापासून संयुक्त लेख स्वीकारण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक लेखकास सिद्धतेचा कोणताही भाग फळ्यावर मांडून दाखविण्यासाठी बोलाविण्यात येईल.