टीसी अडवणाऱ्यांनो, हिशोब द्या

जून उजाडला की परभणी जिल्ह्यात दोन रांगा लागतात. एक खत-बियाणाच्या दुकानापुढं, दुसरी तहसीलच्या सेतू केंद्रापुढं. पहिल्या रांगेवर पेपरात अग्रलेख येतात. दुसऱ्या रांगेवर कुणी लिहीत नाही, कारण तीत उभी असतात ती आपली पोरं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बापाच्या उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रकाच्या झेरॉक्सा. या अंकाचं संपादकीय या रांगेसाठी आहे.

मामला सरळ आहे. गंगाखेडचा, पालमचा, जिंतूरचा, पूर्णेचा पोरगा बीए होतो. त्याला पुढं शिकायचंय. नव्या विद्यापीठाच्या यादीत नाव लागतं. नवं विद्यापीठ म्हणतं, टीसी आणा, मायग्रेशन आणा. जुनं कॉलेज म्हणतं, तुझी स्कॉलरशिप जमा झाली नाही, फी बाकी आहे, भर आन टीसी ने. समाजकल्याणचा बाबू म्हणतो, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय. कॉलेजचा क्लार्क म्हणतो, आम्ही पुढं ढकललाय, वर विचारा. वर कोण? वर सर्व्हर. आणि सर्व्हर डाऊन. तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते आणि पोरगा ऊसतोडीच्या टोळीत नाव लावतो. त्याला कुणी शिक्षण सोडायला सांगितलेलं नसतं. त्याला फक्त 'उद्या या' म्हटलेलं असतं.

पूर्वी गावात पाटील दाराबाहेर बसवून ठेवायचा. आता संगणक बसवून ठेवतो. बसणारा तोच आहे.

दोस्तांनो, हा पैसा कुणाच्या दयेचा नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाचा तरुण बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेला. तिथून १९१६ साली लंडनला गेला. आजच्या भाषेत विद्यापीठ बदललं. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत आला. एवढा विद्वान माणूस पैशाअभावी थांबला. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं उसने दिले, तेव्हा १९२० साली लंडन पुन्हा दिसलं. तीन वर्षं गेली. अडकलेली शिष्यवृत्ती म्हणजे काय हे बाबासाहेबांना पुस्तकातून कळलं नव्हतं. म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारपुढं मागणी मांडली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. देश स्वतंत्र होण्याआधीची ही योजना आहे. ती आपण लढून मिळवलेली आहे, कुणा पुढाऱ्यानं वाढदिवसाला वाटलेली नाही.

मराठवाड्याला तर हे जास्त माहीत पाहिजे. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज उभं राहिलं, तेच पुढं मिलिंद. खेड्यापाड्यांतली पोरं तिथं येऊन शिकली ती शिष्यवृत्तीच्या आणि होस्टेलच्या जोरावर. शिकलेल्या पोरांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागितलं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. परभणी जिल्हाही त्यात जळाला. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. सोळा वर्षं. इथली व्यवस्था आपल्याला नाही म्हणत नाही, ती उशीर करते. नामांतराला सोळा वर्षं, स्कॉलरशिपला सोळा महिने. हत्यार एकच.

त्याच १९९४ च्या सप्टेंबरात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं आणि परभणीची कॉलेजं तिकडं गेली. जवळ विद्यापीठ आलं, चांगलंच झालं. पण त्याआधी परभणीचा पोरगा औरंगाबादला एमए करायला गेला तर विद्यापीठ तेच होतं. आता तो परका. त्याला मायग्रेशन लागतं. विद्यापीठांची हद्द बदलली, पण गरिबाची फाईल त्याच्यामागं चालत गेली पाहिजे हा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. पोरगा एका गाडीनं जातो, त्याचे कागद मागच्या स्टेशनात पडून राहतात.

आता आकडे बघा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पाच वर्षांसाठी ५९,००० कोटींची योजना मंजूर केली. ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. छान. पण २०२१ च्या नियमावलीत साधा बीए, एमए करणाऱ्या, होस्टेलबाहेर राहणाऱ्या पोराला निर्वाह भत्ता किती? वर्षाला ३,००० रुपये. महिन्याला २५०. मंत्रालयातल्या साहेबानं या पैशात एक महिना पुण्यात काढून दाखवावा, आम्ही त्याचा जाहीर सत्कार करू. आई-बापाच्या वार्षिक उत्पन्नाची अट अडीच लाखांची. म्हणजे बाप गवंडी, आई मजुरीला, आणि दोघांनी चार पैसे जास्त कमावले की पोराचं शिक्षण धोक्यात.

आणखी एक गंमत. केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यानं सात दिवसांत कॉलेजची फी भरायची. पैसे यायला वर्ष लागलं तरी सरकारला सात दिवसांचं बंधन नाही, ते बंधन पोराला. वर्षभर मेसवाल्याची उधारी, खोलीचं भाडं, आईच्या बचत गटाचा हप्ता. पैसे आले त्या दिवशी सगळे दारात उभे. मग म्हणायचं, यांनी स्कॉलरशिप खाल्ली! खाल्ली असेल तर भाकरीच खाल्ली.

स्वाधार योजना आली २०१६-१७ पासून. होस्टेल न मिळालेल्या पोराला मुंबई-पुण्यात ६०,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये. कागदावर उत्तम. पण खोलीचं डिपॉझिट जूनमध्ये लागतं, पहिल्या दिवशी. नंतर येणारा पैसा आधी गावी परतलेल्या पोराला काय कामाचा?

हे हसण्यावारी नेऊ नका. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप अडकली होती. १७ जानेवारी २०१६ ला आपण त्याला गमावलं. आणि आपल्या परभणीत? संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यावर जे घडलं त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजाचा, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत मेला. पस्तिशीत वही-पेन घेऊन कायदा शिकणारा माणूस होता तो. शिकणारा दलित, भटका या व्यवस्थेला नुसता नकोसा नाही, तो तिला भीतीदायक वाटतो. म्हणून कुठं काठी, कुठं कागद.

मला माहीत आहे, आपल्यातलेच काही साहेब म्हणतील, एवढं काय, आम्हीही उपाशी राहून शिकलो. साहेब, तुम्ही उपाशी शिकलात म्हणून पुढच्यानंही उपाशी राहावं, हा कुठला धम्म? तुमच्या क्वार्टरमधली एक खोली जून-जुलैत गावाकडच्या पोराला द्या. वर्षातून एकदा चौदा एप्रिलला वर्गणी देऊन ऋण फिटत नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. स्कॉलरशिप बाकी आहे म्हणून एकाही कॉलेजानं टीसी किंवा गुणपत्रक अडवू नये. भत्त्याचा पहिला हप्ता पहिल्या सत्रातच मिळावा. विद्यापीठ बदललं तर जुन्या अर्जाचा निकाल नव्या प्रवेशाआधी लागावा. कोणाची फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडली, त्याची यादी समाजकल्याणच्या भिंतीवर लागावी. आणि २५० रुपयांची ही थट्टा बंद व्हावी.

मागण्या देऊन घरी बसू नका. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नका असं यूजीसीनं २०१८ मध्येच बजावलंय. तो कागद खिशात ठेवा. तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा, पोच घ्या. दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकटं जाऊ नका. एकटा गेला की 'उद्या या'. पन्नास जण गेले की साहेब मीटिंगमधून बाहेर येतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

प्रत्येक तालुक्यात या महिन्यात अडलेल्या पोरा-पोरींची यादी करा. नाव, कॉलेज, अर्जाची तारीख, कुठं अडलं. ती यादी घेऊन आपण सगळे मिळून समाजकल्याणच्या दारात जाऊ. कागदाचा हिशोब कागदानं मागू, आणि दिला नाही तर रस्त्यावर मागू.

जयभीम!