रिमोटची गाडी आणि अभावाचं कौतुक

जपानमधल्या शिझुओका इथल्या तामिया कंपनीनं 1984 मध्ये ‘ग्रासहॉपर’ आणि ‘हॉर्नेट’ या रेडिओलहरींवर चालणाऱ्या दोन छोट्या गाड्या बाजारात आणल्या. पुढे त्या बंद झाल्या आणि वीसेक वर्षांनी, 2004-05 च्या सुमारास, कंपनीनं त्या पुन्हा काढल्या. 1983 ची ‘फ्रॉग’ 2005 मध्ये परतली, 1985 ची ‘हॉटशॉट’ 2007 मध्ये आणि 1979 ची ‘सँड स्कॉर्चर’, फोक्सवॅगन बीटलच्या रूपातली वाळूत पळणारी गाडी, 2010 मध्ये. तांत्रिकदृष्ट्या याला फारसा अर्थ नव्हता. तोवर ब्रशलेस मोटर, लिथियमची बॅटरी आणि 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारे रिमोट आले होते. त्यांच्यापुढे ही जुनी मॉडेलं संथ, उड्या मारत जाणारी. तरीही ती खपली, कारण घेणाऱ्यांना वेग नकोच होता. 1980 च्या दशकात दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आता कमावती झाली होती. त्यांतल्या काहींकडे ही गाडी लहानपणी खरोखर होती. इतरांनी ती कॅटलॉगच्या पानावर, दुकानाच्या काचेआड किंवा दुसऱ्या मुलाच्या हातात पाहिली होती, आणि तेवढ्यावरच त्यांचं बालपण संपलं होतं.

आपल्याकडेही त्या वयाच्या लोकांत रिमोटच्या गाडीचा विषय निघाला की चेहरे उजळतात. पण आपल्या स्मरणरंजनाला हमखास एक शेपूट असतं. ‘आम्हाला असलं काही मिळालं नाही, म्हणून तर आम्ही घडलो. आताच्या पोरांना सगळं मागण्याआधी मिळतं, म्हणून त्यांना कशाची किंमत नाही.’ दिवाळी अंकातल्या लेखापासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत हे वाक्य इतकं फिरतं की ते तपासून पाहावं असं कोणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते ते खोटं आहे, आणि त्याचा चांगला पुरावा ही रिमोटची गाडीच देते. आपण ज्या गोष्टीचं श्रेय अभावाला देतो, ते श्रेय दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

आधी तो अभाव आला कुठून ते पाहू. जपान, ब्रिटन, अमेरिका इथे तो किमतीतून आला. तामियाच्या खोक्यात फक्त गाडीचे भाग आणि मोटर असायची. रिमोट, गाडीत बसवायचा रिसीव्हर, चाकं वळवणारा सर्व्हो, 7.2 व्होल्टची बॅटरी आणि चार्जर हे सगळं वेगळं विकत घ्यावं लागे. खोक्याची किंमत जमवली तरी गाडी जमिनीवर धावायला अजून तेवढेच पैसे लागत. श्रीमंत देशांतल्या मध्यमवर्गीय घरांनाही ते जड जाई. याच कंपनीनं 1982 पासून ‘मिनी फोर डब्ल्यूडी’ या रिमोट नसलेल्या, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या छोट्या स्वस्त गाड्या काढल्या आणि त्यांनी जपानी मुलांना वेड लावलं, यावरून खिशाचा अंदाज यावा.

आपल्याकडे किमतीच्या अलीकडेच सरकारी नियमांची भिंत होती. परकीय चलन वाचवण्यासाठी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर जे संख्यात्मक निर्बंध होते, ते पूर्णपणे उठले 1 एप्रिल 2001 रोजी. तेही जागतिक व्यापार संघटनेत भारत अमेरिकेविरुद्धचा खटला हरल्यावर. तोपर्यंत परदेशी रिमोटची गाडी घरात येण्याचे मार्ग दोनच. आखातातून किंवा अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकाची बॅग, नाही तर मुंबईतल्या मनीष मार्केट, मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणचा ‘फॉरेनचा माल’. ज्यांना यांतलं काहीच साधत नव्हतं त्यांच्या वाट्याला वायरच्या रिमोटची गाडी यायची, जिच्यामागे मुलाला स्वतःच पळावं लागे. किंवा एका बटणाची गाडी, जी पुढे फक्त सरळ जाई आणि वळायचं असेल तर मागे घ्यावी लागे. परकीय चलनाची ती चणचण खरी होती आणि खेळण्यांपेक्षा खनिज तेल महत्त्वाचं हेही बरोबरच. पण तो निर्णय मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून कोणी घेतला नव्हता. धोरणाचा एक दुष्परिणाम आपण पुढे गुण म्हणून मिरवायला लागलो, एवढंच.

आता त्या खोक्यात काय होतं ते बघा, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. ही कंपनी 1946 मध्ये लाकडाचा व्यवसाय म्हणून सुरू झाली, लाकडी प्रतिकृतींवरून 1960 च्या दशकात प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली आणि 1976 मध्ये ‘पोर्श 934’ ही तिची पहिली रेडिओवरची गाडी आली. म्हणजे खेळण्यांच्या धंद्यात ती जुळणीच्या वाटेनं शिरली, आणि ती सवय तिनं सोडली नाही. खोकं उघडलं की गाडी दिसत नसे. साच्यातून निघालेल्या फ्रेमला चिकटलेले भाग, वेगवेगळ्या पिशव्यांत भरलेले स्क्रू आणि पिना, ग्रीसची छोटी ट्यूब, स्टिकरचा कागद आणि पायरीपायरीनं पुढे नेणारी चित्रमय पुस्तिका. आधी गिअरबॉक्स. दात्यांत ग्रीस घालून डिफरन्शियल जुळवायचा, आणि वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरावं लागतं हे मुलाला कोणी न शिकवता कळायचं. मग सस्पेन्शन, मग सर्व्होचा दांडा नेमका मधोमध बसवणं. तो जरा कलला तर गाडी सरळ जाणार नाही. ‘हॉर्नेट’ची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, तिला रंग आतल्या बाजूनं द्यायचा, म्हणजे गाडी घासली तरी बाहेरून तो सुरक्षित राहतो. बॅटरी कित्येक तास चार्ज करून खेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. दोघांच्या रिमोटचा क्रिस्टल एकाच फ्रिक्वेन्सीचा निघाला तर एकाच्या बटणावर दुसऱ्याची गाडी भिंतीवर. आणि आपटून काही तुटलं, तर तो भाग सुटा मिळे. नेमका कोणता भाग तुटलाय हेही मुलाला ठाऊक असे, कारण तो त्यानंच बसवलेला असे.

या सगळ्यात मुलाला घडवण्यासारखं भरपूर आहे: चिकाटी, हाताची सफाई, कारण आणि परिणाम जोडण्याची सवय, चूक झाली तर चार पायऱ्या मागे जाऊन पुन्हा उघडण्याची तयारी. पण ते मिळालं कोणाला? ज्याला गाडी मिळाली त्याला. ज्याला मिळाली नाही त्याला फक्त हुरहूर मिळाली. अभावच जर पोषक असता, तर कधीच न मिळालेलं मूल सर्वांत समृद्ध व्हायला हवं होतं, आणि पन्नाशीत पगाराचे पैसे घालून तीच गाडी मागवण्याची गरज त्याला भासायला नको होती. लोक ती मागवतात, रविवारच्या दुपारी गिअरबॉक्स जुळवत बसतात. न मिळण्यानं त्यांचं काही भागलं नव्हतं याची ही साक्ष आहे.

यावर कोणी म्हणेल, वाट पाहण्यालाही काही मोल आहे की नाही? आहे, पण ते सगळ्याच वाट पाहण्याला नाही. खाऊचे पैसे साठवून, परीक्षेनंतर, सहा महिन्यांनी गाडी मिळणार असेल तर त्या सहा महिन्यांत मूल हिशेब शिकतं, कॅटलॉग पाठ करतं, निवड करायला शिकतं. तिथे शेवट दिसत असतो आणि तो गाठणं थोडंफार आपल्या हातात असतं. कधीच न येणाऱ्या गोष्टीची वाट मात्र मुलाला फार तर इच्छा गिळायला शिकवते. ते कौशल्य आयुष्यात उपयोगी पडतं हे नाकारता येत नाही. पण त्याला घडणं म्हणण्यापेक्षा सवय लागणं म्हणावं, आणि ती सवय लागलेल्या पिढीनं पुढच्यांना तीच देण्याचा आग्रह धरू नये.

याहून वजनदार आक्षेप अरविंद गुप्ता यांच्या कामाचा दाखला देऊन घेता येतो. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेल्यावर त्यांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या वास्तूत, त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली. मग अभावातूनच कल्पकता येते हे सिद्ध होत नाही का? मला उलट दिसतं. गुप्ता यांनी मुलांना वस्तूंशिवाय राहायला शिकवलं नाही. ज्यांच्याकडे वस्तू नव्हत्या त्यांच्या हातात त्यांनी वस्तू दिली, आणि ती उघडून, मोडून, पुन्हा जोडून बघता येईल अशी दिली. काड्यांचा पिरॅमिड आणि ‘ग्रासहॉपर’ यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण मुलाच्या हाताला दोन्ही एकच काम देतात. मेकॅनोच्या भोकं पाडलेल्या पट्ट्याही त्याच कुळातल्या. ही खेळणी श्रीमंत आहेत की गरीब, हा प्रश्नच तिथे गौण ठरतो.

स्मरणरंजन हा आता धंदा झालाय, कंपन्या आपल्या जुन्या जखमेवर दुकान मांडतात, हीसुद्धा तक्रार ऐकू येते. थोडी खरी आहे. पुन्हा काढलेली गाडी विकत घेऊन खोकंही न उघडता कपाटात ठेवणारे, भाव वाढेल म्हणून थांबणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही, कारण गाडी त्यांना तेव्हाही मिळाली नव्हती आणि आताही मिळालेली नाही. पण या धंद्याची दुसरी बाजूही बघावी. साचे पुन्हा चालू झाले की सुटे भागही पुन्हा मिळू लागतात, आणि त्यांतले बरेचसे जुन्या गाडीलाही बसतात. चाळीस वर्षांपूर्वीची मोडकी गाडी त्यामुळे आज दुरुस्त होऊ शकते. आपल्या घरातल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल? पाच वर्षांपूर्वीच्या मोबाइलबद्दल तर नाहीच.

मग आजच्या मुलाकडे या. त्याच्याकडे रिमोटच्या तीन गाड्या असतात, तिन्ही आठवड्याभरात पलंगाखाली जातात आणि आपण म्हणतो, बघा, सुबत्तेनं मुलं बिघडली. त्या गाड्यांपैकी एक उलटी करून बघावी. बॅटरीचं झाकण सोडलं तर उघडण्यासारखं काही नसतं. आत एकच सर्किट, सगळं चिकटवलेलं; चाकाचा दाता झिजला की गाडी कचऱ्यात. अशा वस्तूशी मुलानं आणखी काय करावं? तीन दिवसांत तिचं सगळं कळून जातं, म्हणून ते कंटाळतं. त्याचा कंटाळा अतिशय रास्त आहे. मुलाकडे गाड्या तीन आहेत की एक, यानं त्यात काही फरक पडत नाही. अशी बंद गाडी वर्षातून एकदा दिली तरी ती चौथ्या दिवशी पलंगाखालीच जाईल.

खेळणं उघडता-जोडता यावं हा विचार सरकारी धोरणातही कुठे दिसत नाही. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये म्हणून चिन्ह हवंच, आणि देशी कारखाने चालावेत हा हेतूही समजण्यासारखा आहे. पण जुळणीचा दर्जेदार संच आणि दोन दिवसांत फेकायचं खेळणं या दोघांना एकच दर लावला, तर महाग पडून मागे राहतो तो जुळणीचा संच. देशी उत्पादकांना सवलत द्यायचीच असेल तर ती सुटे भाग विकणाऱ्याला आधी मिळावी.

तोवर गिऱ्हाइकाच्या हातात एक गोष्ट आहे. या दिवाळीत रिमोटची गाडी घ्यायला दुकानात गेलात, मुलासाठी किंवा स्वतःसाठी, तर वेग आणि रेंज विचारण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा: मागचा अॅक्सल तुटला तर सुटा मिळेल का? तो नाही म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.