काका, आता तरी अपग्रेड करा!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढं जावं. पण ज्यांच्या घरात वडिलांचं, आजोबांचं किंवा शाळेतल्या गुरुजींचं एखादं मराठी पुस्तक साधारण १९९५ ते २०१५ च्या दरम्यान छापलेलं आहे, त्यांनी जरा थांबा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण तो तुमच्या घरातला आहे.

मी औरंगपुऱ्यात सत्तावीस वर्षं डीटीपी करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका, कवितासंग्रह, निवडणुकीची पत्रकं, दहाव्याचे कार्ड, सगळं केलंय. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार बंद झाला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. म्हणजे जाहिराती, शुभेच्छापत्रं, कॅलेंडरं यांचा हंगाम ऐन भरात, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण एकच पालुपद लावून बसलेला, "काका, आता तरी अपग्रेड करा!" भाचा म्हणाला, गिऱ्हाईक म्हणालं, हार्डवेअरवाला तर महिनाभर आधीपासून म्हणत होता. व्हायरस येईल, डेटा जाईल, बँकेचं खातं रिकामं होईल.

केलं अपग्रेड. नवीन मशीन घेतलं, कारण माझ्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढतच नाही. त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम नावाची चिप लागते. हार्डवेअरवाल्या पोरानं मन लावून काम केलं. जाता जाता जुनं मशीनही फॉर्मॅट मारून दिलं, "घरी नातवाला खेळायला होईल काका." डेटा? "सगळा पेनड्राइव्हवर घेतलाय की!"

डेटा खरंच सगळा होता. तो उघडणारं घर तेवढं गेलं होतं.

त्या जुन्या मशीनवर बत्तीस बिटांचं विंडोज १० होतं, त्यावर पेजमेकर ७, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचा कीबोर्ड ड्रायव्हर आणि मागं प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं डोंगल. डोंगल म्हणजे कुलपाची किल्ली. ते लावल्याशिवाय मराठी उमटायचं नाही. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांत येतं, त्यात बत्तीस बिटांचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत. आणि नव्या मशीनला ते पंचवीस पिनांचं पोर्टच नाही, म्हणजे किल्ली हातात आणि दाराला भोकच नाही. फॉन्टवाल्या कंपनीला फोन लावला. कंपनीचं नाव घेत नाही, तिथली मुलगी बिचारी नम्र होती. म्हणाली, "सर, ते प्रॉडक्ट बंद झालं, नवीन व्हर्जन घ्या." नवीन घेतल्यावर माझं जुनं मॅटर जसंच्या तसं उघडेल का? "बहुतेक, सर."

त्याच आठवड्यात पैठण तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आले. वय ऐंशीच्या पुढं. २००४ साली त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता, १९६ पानं, मीच लावलेला. जायकवाडीत गेलेल्या शिवारांची नावं, जुन्या विहिरी, कुणाची कोणती आळी, रझाकारांच्या दिवसांत गाव कसं उठून गेलं, असं सगळं त्यात आहे. ज्यांना विचारून लिहिलं त्यातलं आज कुणी उरलेलं नाही. गुरुजींनी सीडी आणली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर फुलस्केपचा कागद गुंडाळून. म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढायची. चार ओळी वाढवायच्यात. तुमच्याकडं असंलच म्हणा, पण मीबी जपून ठेवली."

वीस वर्षं त्या माणसानं सीडी जपली, आणि मी त्यांना काय सांगणार होतो? की विंडोज बदललं म्हणून तुमचं गाव वाचता येत नाही?

आता जे "युनिकोड वापरा ना काका" म्हणतात त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. युनिकोड मी वापरतो, ही पोस्टही त्यातच लिहितोय. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. १९८५ सालचं ते सॉफ्टवेअर, अडोबीनं १९९४ मध्ये घेतलं, शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. ते मराठी लिहीत नव्हतं, इंग्रजी समजूनच चालत होतं. फॉन्टवाल्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या दोनशेएक खणांत आपली अक्षरं भरली. एका खणात काना, एकात अर्धा त, एकात रफार. कागदावर मराठी दिसतं, पोटात मात्र डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेली रोमन अक्षरं. 'अजिंठा' लिहिलं तर पोटात ऱ्हस्व वेलांटी ज च्या आधी बसलेली. 'दर्गा'तला रफार ग च्या नंतर. डोळ्याला दिसतो तो क्रम, भाषेचा नव्हे.

इथवरही चाललं असतं. पण प्रत्येक कंपनीनं खण वेगळे भरले. एकाचा 'क' तिथं दुसऱ्याचा 'ष', एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही फरक. आणि कोणत्या खणात काय, तो तक्ता बहुतेकांनी तिजोरीत ठेवला.

तंत्रज्ञान नव्हतं म्हणून असं झालं, हे मला सांगू नका. भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे सरकारी मानक १९९१ चं. त्यामागं काम करणारी सी-डॅक इथं पुण्यातच, १९८८ पासून. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, तीही १९९१ चीच, देवनागरी होती. विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला. म्हणजे रस्ता होता. पण डीटीपीवाल्याला रस्त्यावर यायला गाडीच मिळाली नाही. इनडिझाइन १९९९ ला आलं आणि त्यात देवनागरीची जोडाक्षरं धडपणे लावायची सोय व्हायला २०१२ उजाडलं. मधली तेरा वर्षं आम्ही काय, दुकानं बंद ठेवायची होती? आणि त्यानंतर वर्षभरात अडोबीनं नव्या आवृत्त्या विकायचंच सोडलं, भाड्यानं द्यायला सुरुवात केली. महिन्याला भाडं भरा, नाही भरलं तर आपलंच काम आपल्याला उघडायचं नाही. त्यातही गंमत बघा, इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पेजमेकरची फाईल उघडायच्या. भाड्याची आवृत्ती आली आणि ती सोयच काढून टाकली.

शहराचं नाव बदललं तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा अंगावर आला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून लेटरहेडं, पावतीपुस्तकं, फलक बदलायला रांग. लोकांना वाटायचं, 'औरंगाबाद' शोधा, 'छत्रपती संभाजीनगर' टाका, दोन मिनिटांचं काम. शोधायच्या चौकटीत मराठी दिसतच नाही हो! तिथं टोप्यावालं रोमन दिसतं. अंदाजानं शोधायचं, एकेक फाईल डोळ्यानं तपासायची. नावावर तेव्हा दोन्ही बाजूंनी केवढी भांडणं झाली. बदलणाऱ्या हातांकडं कुणाचं लक्ष होतं?

वाळूजला जाऊन बघा. कित्येक वर्कशॉपांत एखादं जुनं मशीन जुन्याच विंडोजवर चाललेलं असतं, नेटची वायर काढलेली, वर कापड घातलेलं, कारण त्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. त्या मालकाला कुणी मागासलेला म्हणत नाही. मशीन चालू आहे, काम देतंय, हात लावू नका, एवढंच म्हणतात. आणि मराठी पुस्तक लावणाऱ्यानं जुनं मशीन ठेवलं की तो "अजून पेजमेकरवरच आहे बघा."

आता आपल्याही पदरात माप घालतो. पेजमेकर विकत घेतल्याचं बिल ज्या डीटीपीवाल्याकडं आहे त्यानं हात वर करावा. दिसत नाहीत फार हात. फुकटात मिळालं म्हणून आम्ही वापरलं, आणि फुकटात घेतल्यावर कंपनीला जाब विचारायचं तोंड राहत नाही. फॉन्टचे मात्र पैसे मोजले होते, निदान मी तरी. दुसरं, आम्ही फाईलला नाव द्यायचो 'फायनल', मग 'फायनल २', मग 'खरंच फायनल'. कोणता फॉन्ट, कोणती आवृत्ती, याची एक ओळ लिहून ठेवली नाही. फोटो वेगळ्या फोल्डरला, ते फोल्डर वेगळ्या मशीनला. गुरुजींच्या पुस्तकातल्या बुडालेल्या वेशीचा फोटो मला अजून सापडलेला नाही. तो दोष ना कंपनीचा, ना विंडोजचा.

पण सगळ्यात जास्त राग मला येतो तो भाषेच्या नावानं ढोल वाजवणाऱ्यांचा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंदच झाला, मी पेढे खाल्ले. त्या दाव्यात आपल्या पैठणच्या सातवाहनांचं, गाथासप्तशतीचं, नाणेघाटातल्या लेखाचं केवढं बळ होतं! तो नाणेघाटाचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आज वाचता येतो, कारण ब्राह्मीची किल्ली प्रिन्सेपनं १८३७ साली लावली आणि ती जगाला खुली आहे. आणि त्याच पैठण तालुक्यातलं २००४ सालचं पुस्तक वाचायला मला बंद पडलेल्या कंपनी-प्रॉडक्टचं डोंगल लागतं. भाषा विभाग आहे, विकास संस्था आहे, विश्वकोश आहे, आता विद्यापीठही आहे. यातल्या कुणीतरी, सगळ्या फॉन्टवाल्यांना बसवून, "जी प्रॉडक्टं तुम्ही बंद केलीत त्यांचे तक्ते जाहीर करा" एवढं सांगायला काय हरकत आहे? लागतील ते पैसे द्या. धंदा तर त्यांनी आधीच सोडलाय, तक्ता धरून ठेवून त्यांना मिळणार काय? सरकारनं तो तक्ता आणि त्यावर चालणारं रूपांतराचं सॉफ्टवेअर फुकट ठेवावं. संमेलनाच्या मांडवाच्या खर्चाशी याचा खर्च ताडून बघा एकदा.

आणि शहरापुरतं सांगतो. आपल्या विद्यापीठानं किंवा मराठवाडा साहित्य परिषदेनं एक खोली द्यावी. त्यात तीन-चार जुनी मशीनं, सीडी ड्राइव्हसकट, फ्लॉपीसकट, नेटशिवाय. आठवड्यातून दोन दिवस आमच्यासारखे दोघे-तिघे येऊन बसतील, पैसे नकोत, चहा पाजा. ज्याच्याकडं जुनी सीडी आहे त्यानं यावं, मजकूर काढून न्यावा. जिल्ह्यातल्या किती छोट्या प्रकाशकांचं, दिवाळी अंकांचं, प्रबंधांचं मॅटर असं पडून आहे याची गणतीच कुणी केलेली नाही.

तोवर धंद्यातल्या मित्रांना हात जोडून सांगतो, फॉर्मॅट मारू नका. अख्ख्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी इमेज काढा. ती नव्या मशीनच्या पोटात व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवता येते, व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. यूएसबीचं डोंगल तिथं बऱ्याचदा ओळखलं जातं, प्रिंटर पोर्टचं मात्र कठीण, त्यासाठी जुनं मशीनच जपावं लागतं. नेट तिथं द्यायचं नाही, आणि मग व्हायरसचीही फार धास्ती नको. जे उघडतंय त्याची आजच फॉन्ट आत घालून पीडीएफ काढा, निदान छापता तरी येईल. पण पीडीएफवर समाधान मानू नका. जुन्या मराठी पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाका, काय उमटतं बघा. मजकूर काढून युनिकोडात फिरवावाच लागतो, मग प्रूफ. लिब्रेऑफिस पेजमेकरची फाईल उघडतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. मांडणी हलते, अक्षरं टोप्यावालीच येतात, पण मजकूर हाती लागतो.

गुरुजींचं काय झालं? कुंभारवाड्यातल्या एका मित्राच्या माळ्यावर जुनं पेंटियम सापडलं. एक्सपी. तीनदा चालू करताना बंद पडलं, रॅम काढून खोडरबरानं पुसली तेव्हा उठलं. माझं डोंगल त्याच्या मागं बसलं. पहिलं पान उघडलं तेव्हा मित्राची आई पाणी घेऊन आली होती, म्हणाली, "काय रे, कुणाचं पत्र आलं का?" अकरा रात्री लागल्या मजकूर फिरवायला. रफार चुकतात, 'श्र' आणि 'द्य' तर दर पानाला. प्रूफाची शेवटची पन्नास पानं गुरुजींकडं आहेत, ते भिंग लावून वाचतायत आणि दर दोन दिवसांनी फोन करून एक ओळ वाढवतायत.

तर, ज्यांच्या माळ्यावर प्रिंटर पोर्ट असलेलं चालू मशीन आहे, किंवा वापरात नसलेलं मराठी फॉन्टचं डोंगल पडलंय, त्यांनी भंगारात द्यायच्या आधी कमेंट करा. मी येऊन घेऊन जाईन. आणि २००० च्या आसपास पैठण भागातल्या बुडालेल्या गावांचे फोटो कुणी स्कॅन करून ठेवले असतील, तर तेही सांगा. वेशीचा फोटो अजून पाहिजे आहे.