फासा पडतो आणि फासा पाडला जातो

सप्तव्यसनांची नावे आपल्या घरातील मुले पाठशाळेतच पाठ करतात, आणि त्या यादीत पहिले नाव द्यूताचे असते. मांस, मद्य, चोरी हे सारे त्याच्यामागून येते. व्यापारी समाजाच्या मनावर हा क्रम विशेष ठसलेला आहे. कारण तीन पिढ्यांनी उभारलेली पेढी एका हंगामाच्या सट्ट्यात बुडाल्याची कथा बहुतेक कुटुंबांत कोठे ना कोठे दबक्या आवाजात सांगितली जातेच. म्हणून घरात फासा दिसला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. परंतु तोच फासा कोणी एकट्याने, दार लावून नव्हे तर दिवाणखान्यात बसून, कवडीचीही पैज न लावता रोज टाकीत असेल, तर त्याला काय म्हणावे? आमच्या एका स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनी हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या मनात उत्तर ठरलेले होते. त्यांना केवळ दुजोरा हवा होता. तो मला लगेच देता आला नाही.

हे स्नेही मार्केट यार्डातील भुसार मालाचे व्यापारी. साठी उलटल्यावर गाळ्याचा कारभार दोन्ही मुलांकडे सोपविला. घरात चौविहार पाळला जातो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. प्रतिक्रमण होते, आणि मग निजेपर्यंतचे दोन तास मोकळे राहतात. दूरदर्शनवरच्या मालिकांचा त्यांना तिटकारा. न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या कन्येने काही वर्षांपूर्वी एक खोका आणून दिला. त्यात पत्ते, तक्ते आणि तीन फासे होते. अमेरिकेतील बेसबॉल हा खेळ टेबलावर, वाटल्यास अगदी एकट्याने, फाशांच्या साहाय्याने खेळण्याचा तो संच.

या संचाच्या जन्माची हकीकत आपल्या वाचकांना आवडण्यासारखी आहे. न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या हॅल रिचमन या मुलाने लहान वयातच हजारो वेळा फासे टाकून कोणती बेरीज किती वेळा पडते याच्या नोंदी केल्या आणि त्यांवर खेळाचे नियम बसविले. १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या नावाने त्याने तो बाजारात आणला. आरंभी धंदा बसेना, तेव्हा त्याने वडिलांकडून पैसे उसने घेतले. अट अशी होती की या वेळी अपयश आले तर मुकाट्याने वडिलांच्या विमा व्यवसायात येऊन बसायचे. पुत्रप्रेम आणि व्यवहार यांची अशी सांगड आपल्याकडील वडिलांनाही सुचली असती! मुलाला विमा विकावा लागला नाही. खेळ आजही विकला जातो.

त्याची रीत सोपी आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावाचा एक पत्ता असतो आणि तो त्या खेळाडूच्या प्रत्यक्ष कामगिरीच्या आकड्यांवरून तयार केलेला असतो. तीन फासे टाकायचे. त्यांतील एक वेगळ्या रंगाचा. त्याच्यावर एक, दोन किंवा तीन आले तर फलंदाजाच्या पत्त्यावरील त्या क्रमांकाचा रकाना पाहायचा. चार, पाच किंवा सहा आले तर चेंडू टाकणाऱ्याच्या पत्त्यावरील. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि तिच्यासमोर काय छापले आहे ते वाचायचे. दोन फासे एकूण छत्तीस प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी सात ही बेरीज सहा प्रकारांनी येते, दोन किंवा बारा मात्र प्रत्येकी एकाच प्रकाराने. म्हणून उत्तम खेळाडूच्या पत्त्यावर चांगली फळे सातच्या आसपास असतात आणि सामान्य खेळाडूच्या पत्त्यावर ती दोन-बाराच्या कोपऱ्यात ढकललेली. किती वस्तूंतून किती निवडल्या तर किती विकल्प संभवतात, याचा सर्वसाधारण नियम नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त दिलेला आहे. हा विषय आपल्याला परका नाही, एवढेच येथे सांगायचे.

बेसबॉलमधील खेळाडूंची नावे स्नेह्यांना अनोळखी. तेव्हा त्यांनी पत्त्यांच्या धर्तीवर क्रिकेटचे पत्ते स्वतः तयार केले आणि पहिला सामना निवडला तो पुण्याचाच. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम केवळ नऊ धावांवर आला होता. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामना सोडून दिला आणि त्या नऊ धावा राहून गेल्या त्या कायमच्या. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. स्नेही त्या मध्यंतरापासून सामना पुढे नेतात. एकाच बैठकीत नव्हे. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या संध्याकाळी. प्रत्येक वेळचा निकाल लाल कापडी बांधणीच्या वहीत तारीख-तिथीसह नोंदलेला आहे. बहुतेक नोंदींत निंबाळकर ४५२ ओलांडतात. परंतु दोन नोंदी अशा आहेत की पहिल्याच षटकात ४४३ वर त्यांचा त्रिफळा उडाला. मी त्या दोन नोंदींवर बोट ठेवून हसलो, तेव्हा ते किंचित दुखावल्यासारखे दिसले. ‘पडला तसा लिहिला,’ एवढेच म्हणाले. ही वही तपासणारा दुसरा कोणीही नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

आता मातोश्रींचा आक्षेप. द्यूताचा दोष फाशाच्या तुकड्यात नाही. तो पणात आहे, दुसऱ्याचे श्रमाविना आपल्याकडे यावे या लोभात आहे आणि हरलेले परत मिळविण्याच्या कषायात आहे. समोर प्रतिपक्ष नाही, पण नाही, जिंकायचे तर कोणाचे काही नाही. तेथे द्यूताचे एकही अंग पुरे होत नाही. आपल्याच परंपरेतील ज्ञानबाजी आठवावी. सापशिडीच्या जातीचा तो पट. जैन पटांवर बहुधा चौऱ्याऐंशी घरे असत आणि सर्वांच्या वर सिद्धशिला. कवड्या किंवा फासा टाकून सोंगटी पुढे न्यायची, कर्मानुसार चढायचे किंवा घसरायचे. राजस्थान-गुजरातेत रंगविलेले असे कापडी व कागदी पट संग्रहालयांतून आजही दिसतात, आणि पर्युषणाच्या दिवसांत श्रावक घरी ते खेळत अशी परंपरा सांगितली जाते. फासाच निषिद्ध असता तर हे पट रंगविले गेले नसते.

उरतो तो अनर्थदंडाचा प्रश्न, म्हणजे निष्प्रयोजन प्रवृत्तीचा. त्याचे उत्तर घड्याळ पाहून द्यावे. सामायिक चुकवून, आजारी पत्नीजवळ बसायचे टाळून, नातवाचा अभ्यास सोडून कोणी फासे टाकीत असेल तर तो प्रमादच. येथे तसे नाही. दोन तास, आणि तेही घरातल्या माणसांच्या समोर. आपल्यापैकी कितीजण तेवढा वेळ हातातल्या भ्रमणध्वनीवर घालवितात, याची वही मात्र कोणी ठेवीत नाही.

इतके सांगून मी थांबलो असतो. पण त्यांच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पानिपत मांडलेले आहे, आणि त्याविषयी मला इतक्या सहजतेने निर्वाळा देता येत नाही.

युद्धाचे असे पट मुळात सैन्यासाठीच निर्माण झाले. प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १८२४ मध्ये राइसवित्झ यांचा खेळ स्वीकारला; नकाशावर पथकांच्या सोंगट्या सरकवायच्या आणि चकमकीचा निकाल फाशाने व तक्त्याने लावायचा. पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकले युद्ध किती श्रेयस्कर, असे प्रतिपादन केले. वर्षभरातच युरोपात महायुद्ध पेटले. वेल्सचे म्हणणे आपल्या कानांना ओळखीचे वाटते. भरत आणि बाहुबली समोरासमोर ठाकले तेव्हा मंत्र्यांनी दोन्ही सैन्यांचा संहार टाळण्यासाठी त्या दोघांतच निकाल लावायचे ठरविले. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध अशी ती तीन युद्धे वर्णिली आहेत. युद्ध आक्रसून लहान करणे ही अहिंसेचीच एक वाट, असे कोणी म्हणाले तर त्यास आधार आहे.

मात्र त्याच परंपरेत यशोधर राजाचीही कथा आहे. सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलक’ इ.स. ९५९ मध्ये पूर्ण केले, त्यात ती विस्ताराने येते. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी बळी द्यावा असा आईचा, चंद्रमतीचा, हट्ट. जीवहत्येला राजाचा नकार. आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरीही माता-पुत्रांना मोर, श्वान आणि पुढे कितीतरी योनींतून वध भोगीत फिरावे लागले, कारण हात पिठावर चालला तरी संकल्प जिवाच्या वधाचा होता. पिठाचा कोंबडा आणि पुठ्ठ्याचा शिपाई यांत अंतर किती? कथा वाचून झाल्यावर टेबलाकडे पाहिले की प्रश्न सोपा राहत नाही.

माझ्यापुरते उत्तर एका अमेरिकन कादंबरीने जवळ आणले. रॉबर्ट कूव्हर यांची ही कादंबरी १९६८ ची. तिचा नायक हेन्‍री वॉ हा हिशेबनीस, आपल्याच वर्गातला म्हणा ना! रात्री घरी एकटा फाशांचे बेसबॉल खेळतो. संघ, खेळाडू, त्यांचे वंश, मृत्यू सारे त्याच्या कल्पनेतले, पण वहीत चोख. एका रात्री फासे असे पडतात की त्याचा सर्वांत लाडका तरुण खेळाडू चेंडू लागून मरतो. नियम त्यानेच केलेला, फासा त्यानेच टाकलेला. तो शोकाने खचतो. कामावरून त्याचे चित्त उडते. आणि काही काळाने तो एक फासा बोटांनी फिरवितो, ज्याच्या चेंडूने तो तरुण मेला त्या गोलंदाजाला मारण्यासाठी. कादंबरीत दोन मृत्यू आहेत आणि दोन्ही कागदावरचे. पहिल्या मृत्यूत हेन्‍रीच्या हाती शोक आहे. दुसऱ्यात संकल्पी हिंसा आहे, आणि ती वाचताना अंगावर काटा येतो, जरी जगात कोणाच्याही केसाला धक्का लागलेला नसतो.

पानिपतच्या पटाकडे मी या नजरेने पाहिले. स्नेह्यांनी तो स्वतः आखला आहे. षट्कोनी घरे, निळ्या पट्टीची यमुना, कुंजपुरा, बागपतचा उतार, पुठ्ठ्याच्या चकत्यांवर पथकांची नावे. इब्राहिमखान गारदी एका बाजूस, नजीबखान दुसऱ्या बाजूस. मात्र त्यांच्या नियमपुस्तिकेची आठ पाने रसदीवर आहेत आणि लढाईवर दीडच. आयुष्यभर पोती मोजलेल्या माणसाचा हा पट! ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि भाऊसाहेबांचा दक्षिणेकडचा मार्ग तुटला. अडीच महिने दोन्ही छावण्या समोरासमोर राहिल्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्याची उरलेली आशा संपली. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे उपाशी पोटी बाहेर पडले. स्नेही म्हणतात, हत्ती कोणी सोडला आणि कोण आधी निघून गेला यावर आपल्याकडे दोनशे साठ वर्षे वाद चालू आहे. दाण्याचा भाव काय झाला होता हे कोणी विचारीत नाही.

पेशव्यांना या पराभवाची वार्ता मिळाली ती सावकारी पत्रातून, असे इतिहासकार ग्रँट डफने नमूद केले आहे. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांच्या माणसांनी सावकाराचा जासूद अडविला. पत्र व्यापारी सांकेतिक भाषेत होते: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे नावनिशी नसलेली माणसे. ही आपल्याच पेढ्यांची भाषा. स्नेह्यांच्या पटावरच्या सर्वांत लहान चकत्यांवर त्यांनी शिपाई काढलेला नाही; बारीक अक्षरात ‘खुर्दा’ असे लिहिले आहे. अशी चकती पटावरून उचलावी लागली की ती ते डब्यात टाकीत नाहीत. वेगळ्या वाटीत ठेवतात आणि खेळ संपल्यावर मोजतात.

पर्युषणात आणि चतुर्दशीला हा पट गुंडाळून कपाटावर जातो. तेवढा नियम मातोश्रींच्या शब्दाखातर त्यांनी स्वीकारला आहे. क्रिकेटचे पत्ते मात्र बाहेरच असतात. मागील खेळात त्यांनी दिल्लीहून पंधरा दिवस आधी धान्य हलविले. कुंजपुऱ्याचा साठा जपून वापरला. रोजचा शिधा तक्त्यानुसार वजा होत गेला, जानेवारी उलटला, उन्हाळा लागला आणि अब्दालीच्याच गोटात दाणा संपू लागला. त्या बैठकीची नोंद मी वहीत पाहिली. तारीख, तिथी, उरलेली पोती, आणि खाली एक ओळ: लढाई झाली नाही, फासे टाकावे लागले नाहीत.